कानातल्या सुया आणि अफूचा उतार

माळव्याच्या काळ्या मातीचे आणि अफूचे नाते जुने आहे, आणि ते जुळवण्यात मराठी राज्यांचा वाटा मोठा आहे. देवासची थोरली आणि धाकटी पाती, धारचे पवार, इंदूरचे होळकर, ग्वाल्हेरचे शिंदे या सगळ्यांच्या मुलखात एकोणिसाव्या शतकात अफू पिकत होती. बंगाल-बिहारमध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अफूची मक्तेदारी बसवली. माळव्यात मात्र संस्थानिक, सावकार आणि व्यापारी यांनी ती बसू दिली नाही. शेवटी १८३०-३१च्या सुमारास कंपनीने हट्ट सोडला आणि मुंबईकडे जाणाऱ्या मालावर परवाना-शुल्क घेण्यावर समाधान मानले. मग उज्जैन-इंदूरच्या पेठांतून निघालेल्या पेट्या मुंबईच्या बंदरातून चीनला जाऊ लागल्या आणि मुंबईतल्या कित्येक घराण्यांची संपत्ती त्यावर उभी राहिली. हा व्यापार १९१३ साली थांबला. पीक मात्र थांबले नाही. आज ते सरकारी परवान्यावर मुख्यतः मंदसौर, नीमच आणि रतलाम जिल्ह्यांत घेतले जाते. दरवर्षी १ ऑक्टोबरला नवे अफू-वर्ष सुरू होते आणि बोंडाला चिरा पाडून काढलेला चीक सरकारच्या हवाली करावा लागतो. हवाली न झालेला चीक, चीक काढून घेतल्यावर उरलेला डोडा आणि आता त्यांच्या जोडीला स्मॅक व वेदनाशामक गोळ्या यांचे काय होते, ते मुंबई-आग्रा महामार्गावर राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

व्यसनी माणसाच्या घरच्यांना उपाय सुचवणारे पुष्कळ भेटतात. कोणी दहा दिवसांच्या शिबिराचे नाव घेतो, कोणी चूर्णाचे, कोणी देवीच्या शपथेचे. अलीकडे कानाच्या ॲक्युपंक्चरचेही नाव निघू लागले आहे. दोन्ही कानांत पाच-पाच बारीक सुया, अर्धा-पाऊण तास शांत बसायचे, औषध नाही, गुंगी नाही, आणि अफू सोडताना होणारा त्रास म्हणे निम्म्यावर येतो. या दाव्याची टिंगल करून चालणार नाही. त्यामागे प्रामाणिक डॉक्टर आहेत, खरी निरीक्षणे आहेत आणि जवळपास पन्नास वर्षांचा वापर आहे. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे. आणि तपासल्यावर जे हाती येते ते असे : सुई अफूचे व्यसन सोडवत नाही, आणि ज्या त्रासावर ती उपाय म्हणून दिली जाते तो त्रास मुळात या आजाराचा सर्वांत छोटा भाग आहे.

तो त्रास कसला, हे आधी पाहू. अफूतले मॉर्फीन मेंदूतल्या ज्या ग्राहींना जाऊन चिकटते, त्या ग्राही शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक द्रव्यांसाठी असतात. बाहेरून रोज पुरवठा होऊ लागला की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. अफू ज्या पेशींना दाबून ठेवते त्या पेशी अधिक जोर लावायला शिकतात. विशेषतः मेंदूच्या देठातला नॉरॲड्रेनलिन तयार करणारा पेशींचा एक लहानसा पुंजका फार तापलेला असतो. अफू अचानक बंद झाली की दाब जातो आणि लावलेला जोर तेवढा उरतो. मग जांभया, नाका-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे मोडून निघाल्यासारखी ठणक, पायांची न थांबणारी झटकाझटकी आणि झोपेचा पत्ता नाही. या त्रासालाच उतार म्हणायचे; गर्दच्या व्यसनींमध्ये याला ‘टर्की’ म्हणतात. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर आठ-बारा तासांत हे सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि साधारण आठवड्याभरात ओसरते. ओसरते आपोआप, काही केले नाही तरी. पुढचा सगळा वाद समजून घ्यायचा तर ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे.

कानातल्या सुयांचा हा उपयोग सापडला तो हाँगकाँगमध्ये, १९७२च्या अखेरीस. क्वाँग वा रुग्णालयातले मेंदू-शल्यविशारद डॉ. एच. एल. वेन शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना कमी करण्यासाठी सुया आणि सौम्य विद्युतप्रवाह वापरून पाहत होते. अफूची सवय असलेल्या एका रुग्णाने त्यांना सांगितले की सुया लावल्यापासून आपला उतार थांबला आहे. वेन यांनी हे ऐकून सोडून दिले नाही. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने अफू व हेरॉइनच्या ४० रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. ज्या हाँगकाँगवर इंग्रजांनी अफूच्या युद्धातून ताबा मिळवला आणि ज्या किनाऱ्यावर माळव्याच्या पेट्या उतरत, तिथेच हा उपाय निघावा याला ऐतिहासिक कारण आहे : तिथे अफूचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या होते. वेन यांचे निरीक्षण खोटे म्हणण्याचे काहीच कारण नाही. पण त्या चाळीस जणांशी तुलना करायला सुया न लावलेला गट नव्हता.

तिथून हा उपाय न्यूयॉर्कला गेला, आणि जाताना बदलला. साउथ ब्राँक्समधल्या लिंकन रुग्णालयात १९७० साली पोर्टोरिकन आणि कृष्णवर्णीय तरुण कार्यकर्त्यांनी ठाण मांडून व्यसनमुक्तीचा कार्यक्रम सुरू करायला लावला होता. सरकार हेरॉइनऐवजी देत असलेले मेथडोन हे अफूवर्गातले औषध त्यांना आपल्या वस्त्यांना गप्प ठेवण्याचे साधन वाटे, म्हणून त्यांनी चीनकडे पाहिले. हा राजकीय राग समजण्यासारखा होता. पुढे मायकेल स्मिथ या मनोविकारतज्ज्ञाच्या हाताखाली तिथे पाच बिंदूंची पद्धत ठरली आणि १९८५ साली तिचा प्रसार करणारी राष्ट्रीय संघटना निघाली. मायामीच्या मादकद्रव्य न्यायालयानेही ती स्वीकारली. वेन यांच्या प्रयोगातला विद्युतप्रवाह मात्र या प्रवासात गळून पडला. म्हणजे जगभर पसरली ती पद्धत हाँगकाँगमध्ये आजमावलेली नव्हती. ‘हजारो वर्षांची विद्या’ असे जे सांगितले जाते तेही तपासून घ्यावे. ॲक्युपंक्चर प्राचीन आहे, पण कानावर सगळे शरीर उलट्या गर्भाच्या आकारात रेखणारा आजचा प्रचलित नकाशा फ्रान्समधल्या लियाँ शहराच्या पॉल नोजिए या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात मांडला. आपल्याकडच्या कर्णवेधाशी त्याची सांगड घालणारेही आहेत. सुश्रुतसंहितेत कान टोचण्याचा विधी आहे तो बालकाच्या रक्षणासाठी आणि अलंकारासाठी. अफूशी त्याचा काही संबंध नाही.

आता पुराव्याकडे वळू. जो त्रास आठवड्यात आपोआप ओसरतो, त्याच्या तिसऱ्या दिवशी कोणताही उपाय सुरू केला तरी सातव्या दिवशी माणूस बरा दिसणारच. म्हणून ‘आमच्याकडे शेकडो लोक बरे झाले’ हे वाक्य खरे असूनही काही सिद्ध करत नाही. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला ठरलेल्या बिंदूंवर सुया लावायच्या, दुसऱ्याला सारखेच दिसणारे पण वेगळे काही द्यायचे आणि मग फरक मोजायचा, एवढाच मार्ग उरतो. तसे प्रयोग झाले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत १९९३ साली हेरॉइनच्या १०० रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात खऱ्या बिंदूंवर सुया घेणारे जास्त दिवस येत राहिले, पण दोन्ही गटांतले बहुतेक जण मध्येच सोडून गेले. १९९९च्या एका अमेरिकन प्रयोगात मेथडोन घेणाऱ्या ६० जणांत खऱ्या आणि खोट्या बिंदूंत फरक पडला नाही. लंडनमधल्या २००९च्या प्रयोगात मेथडोन कमी करत नेणाऱ्या सुमारे ८० रुग्णांपैकी एका गटाच्या कानांत सुया होत्या आणि दुसऱ्याच्या कानांना नुसते चिमटे लावले होते. उताराच्या त्रासात दोघांत फरक दिसला नाही.

यातले सर्वांत बोलके उदाहरण कोकेनचे आहे. कोकेन अफूच्या वर्गातले नव्हे, पण सुयांचे बिंदू आणि पद्धत तीच. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००० साली ८२ रुग्णांवर प्रयोग केला. हे सगळे हेरॉइनसाठी मेथडोन घेणारे आणि शिवाय कोकेन वापरणारे होते. सुयांचा गट स्पष्टपणे सरस ठरला आणि बातम्या जगभर गेल्या. त्याच संशोधकांनी मग सहा ठिकाणी ६२० रुग्ण घेऊन तोच प्रयोग पुन्हा केला. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया, दुसऱ्याला कानावर भलतीकडे सुया, तिसऱ्याला मन शांत करणाऱ्या चित्रफिती. २००२ साली निकाल आला : तिन्ही गट सारखे. आपलाच अनुकूल निष्कर्ष मोठ्या कसोटीला लावणे आणि तो टिकला नाही हे छापणे, याला फार मोठी सचोटी लागते. उपाय विकणाऱ्यांच्या पत्रकांत २०००चा प्रयोग सापडतो, २००२चा सापडत नाही.

सुयांचे समर्थक यावर तीन आक्षेप घेतात आणि तिन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला शरीरशास्त्राचा. सुयांमुळे शरीरातली एंडॉर्फिनसारखी द्रव्ये स्रवतात, हे १९७०च्या दशकापासून माहीत आहे. अफूचा परिणाम उलटवणारे नॅलॉक्सोन दिले की सुयांचे वेदनाशमनही कमी होते, असे तेव्हाच्या प्रयोगांत दिसले. बीजिंगच्या हान जिशंग यांनी विद्युतप्रवाहाची वारंवारता बदलली की वेगवेगळी द्रव्ये स्रवतात हे दाखवले. शिवाय कानाच्या वाटीत व्हेगस या महत्त्वाच्या मज्जातंतूची एक शाखा येते. कानात काडी घातली की काही जणांना खोकल्याची उबळ येते ती तिच्यामुळेच. हे सगळे मान्य. पण ‘असे होऊ शकते’ आणि ‘असे होते’ यांच्यामधले अंतर प्रयोगच कापतात. हान यांचे काम विद्युतप्रवाहाचे आहे, नुसत्या सुयांचे नाही. विद्युतप्रवाहाच्या बाजूनेही पुरावा अजून कोवळाच आहे. कानामागे लावायच्या एका विद्युत-यंत्राला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली ती ७३ रुग्णांच्या नोंदींवर, आणि त्यातही तुलनेचा गट नव्हता. यंत्राचे काम काय, तर पुढच्या औषधापर्यंतचे दिवस सोसता यावेत एवढेच.

दुसरा आक्षेप असा की खोटी सुई ही खोटी नसतेच. कानावर कुठेही टोचले तरी काही ना काही परिणाम होणार, मग फरक कसा दिसेल? हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, पण तो समर्थकांवरच उलटतो. कुठेही टोचले तरी चालत असेल तर यकृताचा बिंदू, मूत्रपिंडाचा बिंदू, फुप्फुसाचा बिंदू हा सगळा नकाशा निकालात निघतो, आणि तो शिकवण्याची प्रमाणपत्रेही. लंडनच्या चिमट्यांनी आणि येलच्या चित्रफितींनी तर टोचण्याचीच गरज उरू दिली नाही. उरते ते काय? शांत खोली, आपल्यासारखेच दुःख भोगणारी आणखी दहा माणसे, कोणीतरी आस्थेने केलेला स्पर्श आणि अर्धा तास काही न विचारता बसू देणे. हे लहान नाही. २०१६ साली ४१ प्रयोगांतल्या ५,२२७ जणांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा उपचार संपता-संपता ओढ आणि अस्वस्थता यांत थोडा फरक दिसला. तो पुढे टिकला नाही, पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या किंवा उपचार सोडून जाण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि पुराव्याचा दर्जाही हलका निघाला.

तिसरा आक्षेप मान्यतेचा. जागतिक आरोग्य संघटनेने हा उपचार मानला आहे, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. संघटनेने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात अफू, कोकेन आणि हेरॉइनचे व्यसन दुसऱ्या यादीत आहे. परिणाम दिसला आहे पण आणखी पुरावा हवा, अशा आजारांची ती यादी. तो आणखी पुरावा आला, आणि तो वर सांगितला आहे. महाराष्ट्राने २०१५ साली ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा केला, २०१९ मध्ये केंद्र सरकारनेही ही पद्धत मान्य केली. पण कायदा व्यवसायाला शिस्त लावतो, कोणत्या आजारावर काय लागू पडते ते ठरवत नाही. ॲक्युपंक्चरविषयी मराठी मनात एक जिव्हाळाही आहे, आणि तो रास्त आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे ही विद्या चीनमध्ये शिकून आले आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कलकत्त्यात तिचा पाया घातला. त्या पथकाविषयीचा आदर कायम ठेवूनही प्रयोगांचे निकाल आहेत तसेच वाचले पाहिजेत.

पण समजा, सुयांनी उतार खरोखरच निम्म्यावर आला असता. तरी मूळ प्रश्न तसाच उरला असता. कारण आठवडा संपल्यावर अफू शरीरातून जाते, मेंदूतून ओढ जात नाही. झोप, भूक, उमेद जागेवर यायला महिने लागतात आणि त्या काळात बहुतेक जण पुन्हा वळतात. स्टॉकहोममध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेला एक छोटा प्रयोग या बाबतीत डोळे उघडणारा आहे. हेरॉइनच्या ४० रुग्णांचे दोन गट केले. एकाला वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन या अफूवर्गातल्या औषधाच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्याला तेच औषध सहा दिवसांत कमी करत बंद केले आणि पुढे दिसायला तशाच पण निव्वळ पोकळ गोळ्या. समुपदेशन, गटचर्चा, देखरेख दोघांनाही सारखीच आणि भरपूर. वर्षाअखेरीस पहिल्या गटातले शेकडा ७५ उपचारात टिकून होते, दुसऱ्यातला एकही नाही. दुसऱ्या गटातले २० पैकी ४ जण त्या वर्षात मरण पावले. पहिल्यातले कोणी नाही. उतार सुखाने पार पाडून माणसाला घरी पाठवणे म्हणजे उपचार, ही समजूत किती महाग पडते ते या आकड्यांत आहे. कारण उतारानंतर शरीराची सहनशक्ती गेलेली असते. जुनीच मात्रा पुन्हा घेतली की श्वास थांबतो. २०१७ साली अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा ब्युप्रेनॉर्फिन घेत असताना वर्षाला दर हजारी ४.३ मृत्यू होते, उपचार सुटल्यावर ९.५.

हे आकडे मुख्यतः हेरॉइनचे आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे. माळव्यातला सत्तरीचा डोडा पिणारा शेतकरी आणि देवासच्या कारखाना वस्तीतला सुईने स्मॅक घेणारा मुलगा यांचा धोका एकसारखा नाही. म्हाताऱ्याला श्वास थांबण्याचे भय पुष्कळ कमी. त्याला शिबिराचाही उपयोग होऊ शकतो. जोधपूरजवळच्या माणकलाव गावात अफू सोडवण्याची शिबिरे कित्येक दशके चालली ती गावाने एकत्र येऊन, आणि एका गावातले अनेक जण बरोबर सोडत असल्याने परतल्यावर पुन्हा मैफिलीत ओढणारे कमी उरत, हा त्यातला शहाणपणाचा भाग होता. तरुणाच्या बाबतीत मात्र सुया आणि दहा दिवस एवढ्यावर भिस्त ठेवणे जिवावर बेतू शकते.

‘एक नशा सोडवून दुसरी लावायची?’ हा प्रश्न मग हमखास येतो, आणि तो घरच्यांच्या काळजातून येतो. ब्युप्रेनॉर्फिन ग्राहींना घट्ट धरून ठेवते पण पूर्ण चेतवत नाही. त्यामुळे उतार होत नाही, नशाही चढत नाही, आणि मात्रा वाढवली तरी ठरावीक मर्यादेपुढे श्वासावरचा परिणाम वाढत नाही. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर ते घातक ठरू शकते, त्याचाही गैरवापर होतो, म्हणून ते केंद्रात डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचे असते. पण घेणारा माणूस सकाळी गोळी घेऊन कामावर जातो, त्याचा दिवस अफू मिळवण्यात जात नाही. रोज इन्सुलिन घेणाऱ्याला आपण व्यसनी म्हणत नाही. हे औषध बनते अफूतल्याच थिबेन या द्रव्यापासून. नीमचच्या सरकारी कारखान्यात माळव्याच्या चिकातून मॉर्फीन, कोडीन यांच्याबरोबर थिबेनही वेगळे काढले जाते. कच्चा माल आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पिकतो आणि गोळी मात्र गरजूपर्यंत पोचत नाही, ही या प्रदेशाची खरी तक्रार असायला हवी. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गातले पदार्थ वापरतात आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे.

मग सुयांना कुठेच जागा नाही का? आहे. निर्जंतुक, एकदाच वापरून टाकून द्यायच्या सुया असतील, आणि औषध व समुपदेशन चालू असताना कोणाला त्यामुळे बसवत असेल, झोप लागत असेल, तर हरकत घेण्याचे कारण नाही. सुई पुन्हा वापरली तर मात्र कावीळ आणि एचआयव्हीचा धोका आहे, आणि या रुग्णांत तो आधीच जास्त असतो. सुईची सोबत मिळते ती माणसांमुळे, आणि माणसांची सोबत सुईशिवायही देता येते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून गटसभा, घरच्यांचा सहभाग आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांतून ते दाखवले आहे. सुयांच्या खोलीत जे हिताचे आहे ते सगळे तिथे सुयांवाचून मिळते.

घरात कोणी अफू, डोडा, स्मॅक किंवा गोळ्यांत अडकले असेल तर केंद्रात पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : इथे रोज पाहणारा डॉक्टर आहे का, ब्युप्रेनॉर्फिन किंवा तत्सम औषध मिळते का, आणि उतार संपल्यावर पुढचे वर्षभर कोण भेटणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल तर दुसरीकडे चौकशी करा. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. त्यावर फोन करायला पैसे लागत नाहीत.